डेबियनच्या आवृत्त्या: त्या कशा घडल्या आणि त्यांतली कोणती निवडावी

आपला प्रश्न असा आहे: शाळेतील संगणक कक्षात आणि तिथल्या एका फाइल सर्व्हरवर डेबियन लिनक्स बसवायचे ठरले आहे, परंतु बुकवर्म, ट्रिक्सी, सिड, स्टेबल, टेस्टिंग अशी अनेक नावे समोर येतात, त्यांचा परस्परांशी संबंध काय, ती कशी अस्तित्वात आली, आणि काही संगणक ३२ बिटचे असताना कोणती आवृत्ती घ्यावी? डेबियनवर चालणारे सर्व्हर सांभाळणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे थोडक्यातले उत्तर लगेच देता येईल: सर्व्हरवर आणि कक्षातील सर्व ६४ बिट संगणकांवर सध्याची स्टेबल आवृत्ती, म्हणजे डेबियन १३, बसवावी, आणि ३२ बिट संगणकांचा विचार वेगळा करावा. परंतु ही शिफारस का केली जाते हे नीट समजायचे असेल तर इतिहासात शिरावे लागते, कारण डेबियनचा आवृत्ती क्रमांक आतील सामान किती नवे आहे हे सांगण्यासाठी नसतोच. त्या आवृत्तीवर विसंबून उभारलेली व्यवस्था पुढची काही वर्षे अचानक बदलणार नाही, याची ती हमी असते.

डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. तेव्हा ते अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होते आणि त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्या काळी एसएलएस नावाचा लिनक्स संच बराच वापरला जाई, परंतु त्यात चुका फार असत आणि त्या दुरुस्त करण्याकडे कोणाचे लक्ष नसे. मर्डॉक यांनी १९९४च्या सुरुवातीस एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. एका कंपनीने किंवा एका माणसाने संच बांधून विकण्याऐवजी प्रत्येक पॅकेजची, म्हणजे संचातील एकेका सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याची, जबाबदारी एकेका स्वयंसेवकाने घ्यावी आणि सर्व काम उघडपणे चालावे, असा त्याचा आशय होता. डेबियन हे नाव त्यांनी आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीचे, डेब्रा यांचे, नाव आणि स्वतःचे नाव जोडून तयार केले. १९९४ ते १९९५ असे सुमारे वर्षभर या प्रकल्पाला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा आर्थिक आधार होता. पुढे मात्र डेबियन कोणाच्याही मालकीचे राहिले नाही, आणि आजही नाही. ही गोष्ट निवड करताना फार महत्त्वाची आहे, कारण मालकच नसल्यामुळे मालकाचे धोरण बदलले म्हणून फुकट मिळणारी आवृत्ती बंद पडण्याचा प्रसंग डेबियनवर ओढवत नाही.

आवृत्त्यांची यादी पाहिली तर १.० ही आवृत्ती त्यात सापडत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये इन्फोमॅजिक या सीडी विक्रेत्याने विकासाधीन असलेला, अजून नीट सुरूही न होणारा संच 'डेबियन १.०' असे छापून बाजारात आणला. गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाने तो क्रमांकच सोडून दिला आणि १७ जून १९९६ रोजी १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात ४७४ पॅकेजेस होती. या प्रसंगातून डेबियनने घेतलेला धडा आजच्या सर्व नावांच्या मुळाशी आहे. विकास चालू असताना संचाला क्रमांक द्यायचाच नाही, केवळ एक सांकेतिक नाव द्यायचे, आणि क्रमांक प्रसिद्धी जवळ आल्यावरच चिकटवायचा, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत काम करीत असल्यामुळे ती सांकेतिक नावे 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांवरून घेतली गेली आणि पुढेही तीच परंपरा चालू राहिली. बझ, रेक्स, बो, हॅम, स्लिंक, पोटॅटो, वुडी, सार्ज, एच, लेनी, स्क्वीझ, व्हीझी, जेसी, स्ट्रेच, बस्टर, बुल्सआय, बुकवर्म आणि ट्रिक्सी हा १.१ पासून १३ पर्यंतचा क्रम आहे. सिड हा त्या चित्रपटात शेजारी राहणारा, खेळणी मोडणारा मुलगा आहे, आणि म्हणूनच डेबियनच्या कायम अस्थिर शाखेला ते नाव दिलेले आहे. सिडची कधीही प्रसिद्ध आवृत्ती होत नाही.

पेरेन्स यांच्याच काळात, जुलै १९९७ मध्ये, डेबियनने आपला सामाजिक करार आणि मुक्त सॉफ्टवेअरचे निकष स्वीकारले. पुढच्याच वर्षी ओपन सोर्स ही संज्ञा पुढे आली, तेव्हा तिची व्याख्या याच निकषांवरून बेतली गेली. डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाची घटना संमत झाली आणि तेव्हापासून दरवर्षी मतदानाने प्रकल्पप्रमुख निवडला जातो. तांत्रिक बाजूने पाहता या वर्षांतील सर्वांत दूरगामी घटना म्हणजे मार्च १९९९ च्या स्लिंक आवृत्तीबरोबर आलेली ॲप्ट ही प्रणाली. त्याआधी इयन जॅक्सन यांनी विकसित केलेले डीपीकेजी पॅकेज बसवीत असे, परंतु त्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस शोधून आणण्याचे काम ॲप्टने सोपे केले. आज आपण एका आज्ञेत संपूर्ण संगणक अद्ययावत करतो, त्याचे मूळ तिथे आहे.

२००० सालच्या पोटॅटो आवृत्तीनंतर, त्याच वर्षाच्या अखेरीस, टेस्टिंग ही तिसरी शाखा सुरू झाली. तिचे कार्य थोडे जवळून पाहिले की बाकीची नावे आपोआप जागी बसतात. मेंटेनर, म्हणजे पॅकेजची जबाबदारी घेतलेला स्वयंसेवक, एखाद्या पॅकेजची नवी आवृत्ती तयार करतो तेव्हा ती प्रथम अनस्टेबल शाखेत, म्हणजे सिडमध्ये, जाते. तिथे ती काही दिवस, सर्वसाधारणपणे पाच, मुक्काम करते. त्या अवधीत तिच्यात नवा गंभीर बग नोंदवला गेला नाही, ती आधार असलेल्या सर्व प्रोसेसर प्रकारांवर बांधली गेली आणि तिच्यामुळे दुसरे कोणते पॅकेज मोडत नाही असे दिसले, तर एक स्वयंचलित प्रोग्रॅम तिला टेस्टिंगमध्ये नेतो. सुमारे दोन वर्षांनी टेस्टिंगचे दार टप्प्याटप्प्याने बंद केले जाते. याला फ्रीझ म्हणतात. फ्रीझच्या काळात नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, केवळ दुरुस्त्या येतात, आणि प्रसिद्धी अडवणारे गंभीर बग संपत आले की तीच टेस्टिंग नवी स्टेबल म्हणून जाहीर होते. आधीची स्टेबल त्या दिवशी ओल्डस्टेबल होते. म्हणजे स्टेबल, टेस्टिंग ही फिरती पदे आहेत आणि बुकवर्म, ट्रिक्सी ही त्या पदांवर येणाऱ्या आवृत्त्यांची कायमची नावे आहेत.

ही व्यवस्था असूनही डेबियनची सर्वांत मोठी रखडपट्टी याच काळात झाली. वुडी १९ जुलै २००२ रोजी आली आणि तिच्यानंतरची सार्ज ६ जून २००५ रोजी. मध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. इन्स्टॉलर मुळापासून नव्याने लिहिला जात होता, अकरा प्रकारच्या प्रोसेसरसाठी सुरक्षा दुरुस्त्या एकाच वेळी बांधण्याची यंत्रणा तयार नव्हती, आणि २००४ मध्ये सामाजिक कराराच्या शब्दरचनेत झालेल्या बदलामुळे फर्मवेअर (हार्डवेअरच्या भागांना चालण्यासाठी लागणारे छोटे सॉफ्टवेअर) आणि काही माहितीपुस्तिका निकषांत बसतात की नाही हा वाद ऐन वेळी उपटला. जे सर्व्हर चालवीत होते त्यांना वुडीवरची जुनी पॅकेजेस जड जाऊ लागली होती, आणि डेस्कटॉप वापरणाऱ्यांना तर ती चालेनाशीच झाली होती. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या कंपनीने उबुंटूची पहिली आवृत्ती काढली ती याच पोकळीत. सिडमधील पॅकेजेस घ्यायची, दर सहा महिन्यांनी ठरलेल्या महिन्यात संच प्रसिद्ध करायचा आणि डेस्कटॉपवर भर द्यायचा, हे तिचे सूत्र होते. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स, तसेच रास्पबेरी पायवर चालणारी प्रणाली याही डेबियनवरच उभ्या आहेत. त्यामुळे डेबियन शिकलेल्याला या सर्वांत परके वाटत नाही. माझ्या मते सार्जच्या विलंबाने डेबियनचे डेस्कटॉपवरील स्थान कायमचे बदलले, पण प्रकल्पाला शिस्तही लावली. 'तयार होईल तेव्हा' हे तत्त्व सोडले गेले नाही, मात्र फ्रीझची वेळ आधी ठरवण्याची पद्धत आली, आणि २००५ पासून आजवर प्रत्येक आवृत्ती साधारण दोन वर्षांच्या अंतराने आलेली आहे.

या शिस्तीने दोष अजिबात येणार नाहीत, असा समज करून घेऊ नये. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाच्या तक्रारीवरून दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. त्या ओळींतूनच यादृच्छिक संख्या निर्माण करण्यासाठी लागणारी अनिश्चितता येत होती. त्या गेल्यावर उरला तो केवळ प्रोसेसचा क्रमांक, जो बत्तीस हजारांच्या आसपासच्या मर्यादेत असतो. परिणामी डेबियनवर तयार झालेली कोणतीही एसएसएच किल्ली (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची किल्ली) काही हजार शक्यतांतून ओळखता येऊ लागली. हा दोष सिडमधून टेस्टिंगमध्ये, आणि तिथून एप्रिल २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच या स्टेबल आवृत्तीत, कोणाच्याही लक्षात न येता पोहोचला. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांनी तो शोधला आणि जगभरच्या सर्व्हरवरील किल्ल्या बदलाव्या लागल्या. मूळ लेखकांच्या कोडमध्ये वितरकाने स्वतःहून हात घालताना किती सावध राहिले पाहिजे, याची चर्चा तेव्हापासून डेबियनमध्ये फार गंभीरपणे होते. याच्या उलट उदाहरण मार्च २०२४ चे आहे. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरदरवाजा बसवला होता. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे एक विकसक आंद्रेस फ्रॉइंड यांना सिडवर एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला आणि त्याचा माग काढताना हा प्रकार उघड झाला. तोवर ते पॅकेज सिड आणि टेस्टिंगमध्ये पोहोचले होते, स्टेबलमध्ये मात्र नव्हते, आणि म्हणून बुकवर्मवर चालणारे सर्व्हर त्यातून बचावले. शाळेच्या सर्व्हरवर टेस्टिंग बसवू नका असे मी जेव्हा सांगतो, तेव्हा हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर असते.

मधल्या आवृत्त्यांपैकी प्रत्येकीबद्दल लिहिण्याची आवश्यकता नाही. व्हीझीने २०१३ मध्ये एकाच संगणकावर ३२ आणि ६४ बिटची पॅकेजेस एकत्र नांदण्याची सोय केली. एप्रिल २०१५ च्या जेसीमध्ये सिस्टमडी ही संगणक चालू होताना सर्व सेवा सुरू करणारी यंत्रणा मूळ पर्याय म्हणून आली. तांत्रिक समितीत मते समसमान पडल्यावर अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने हा निर्णय झाला होता, आणि तो न पटलेल्यांनी देवुआन हा वेगळा संच काढला. २०१७ ची स्ट्रेच आवृत्ती इयन मर्डॉक यांना अर्पण केलेली आहे. त्यांचे डिसेंबर २०१५ मध्ये निधन झाले. २०१९ च्या बस्टरपासून सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या संगणकावरही डेबियन विनासायास बसते.

१० जून २०२३ च्या बुकवर्मविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण नव्या माणसाला डेबियन बसवताना येणारी सर्वांत मोठी अडचण तिने दूर केली. वाय-फाय कार्ड, ग्राफिक कार्ड यांना चालण्यासाठी लागणारे फर्मवेअर बहुधा मुक्त परवान्याचे नसते, आणि २०११ च्या स्क्वीझपासून कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, असे सर्व फर्मवेअर बाजूला काढले गेले होते. परिणामी लॅपटॉपवर इन्स्टॉलर सुरू होई, नेटवर्कपाशी येऊन थांबे आणि फर्मवेअरची फाइल असलेला पेनड्राइव्ह मागे. अनधिकृत म्हणून ठेवलेली वेगळी इमेज (पेनड्राइव्हवर उतरवायची इन्स्टॉलरची फाइल) शोधण्याचा सल्ला प्रत्येक नवशिक्याला द्यावा लागे. २०२२ च्या शरद ऋतूत सदस्यांनी मतदान करून सामाजिक करारात बदल केला आणि असे फर्मवेअर स्वतंत्र विभागात ठेवून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच देण्याचे ठरवले. तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्या काही मंडळींना हे आवडले नाही. मला वाटते की निर्णय योग्य झाला, कारण ज्याच्या संगणकावर डेबियन बसतच नाही त्याला मुक्त सॉफ्टवेअरचे तत्त्व सांगून काहीही साध्य होत नाही.

९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी, म्हणजे डेबियन १३, प्रसिद्ध झाली. तिच्यात ६.१२ कर्नल आहे, पॅकेजेसची संख्या ६९,८३० आहे, आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर प्रकाराला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले आहे. २०३८ साली ३२ बिटचे वेळमापन संपते. ती अडचण टाळण्यासाठी हजारो पॅकेजेस नव्याने बांधली गेली. प्रत्येक स्टेबल आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आधार आणि त्यानंतर दोन वर्षे दीर्घ मुदतीचा आधार मिळतो. ही दुसरी सोय २०१४ मध्ये स्क्वीझपासून सुरू झाली.

आता आपल्या सर्व्हरसाठी दोन गोष्टी नेमकेपणाने सांगतो. स्टेबलमध्ये सुरक्षा दुरुस्ती येते तेव्हा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येत नाही, तर जुन्याच आवृत्तीत तेवढी दुरुस्ती शिवली जाते. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये गंभीर दोष सापडला तेव्हा मूळ लेखकांनी ९.८ ही आवृत्ती काढली; बुकवर्मवर मात्र ९.२ हाच क्रमांक राहिला आणि त्यामागे 'डेब१२यू३' अशी शेपटी लागली. सुरक्षा तपासणी करणारे अनेक प्रोग्रॅम केवळ मुख्य क्रमांक वाचतात आणि सर्व्हर असुरक्षित असल्याचा अहवाल देतात. अशा वेळी घाबरून बाहेरून नवे पॅकेज आणून बसवू नये. ती शेपटी पाहावी आणि डेबियनच्या सुरक्षा सूचनेशी ताडून घ्यावी. दुसरी गोष्ट रिपॉझिटरीच्या, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरवली जातात त्या साठ्यांच्या, यादीची. सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमध्ये, किंवा नव्या पद्धतीच्या डेबियन डॉट सोर्सेस फाइलमध्ये, 'स्टेबल' असे लिहू नका, 'ट्रिक्सी' असेच लिहा. 'स्टेबल' लिहिलेले असेल तर पुढची आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर नेहमीचा अपडेट देताना तुमचा सर्व्हर संपूर्ण आवृत्ती ओलांडू पाहतो, आणि ते आपण ठरवलेल्या दिवशी, बॅकअप घेऊन आणि प्रसिद्धीसोबतच्या सूचना वाचूनच झाले पाहिजे. एकावेळी एकच पायरी चढायची असते: बुल्सआयवरून थेट ट्रिक्सीवर जाण्यास आधार नाही, मध्ये बुकवर्म करावेच लागते. एखादे नवे सॉफ्टवेअर खरोखरच हवे असेल तर बॅकपोर्ट्स या, नवी पॅकेजेस स्टेबलसाठी पुन्हा बांधून ठेवणाऱ्या, विभागातून तेवढेच घ्यावे. सिडमधील पॅकेजेस स्टेबलमध्ये मिसळल्यास मूळ लायब्ररीच बदलतात आणि पुढचे अपग्रेड जवळजवळ नक्की अडकते.

कक्षातील संगणकांसाठी नेटइन्स्ट ही छोटी इमेज पुरेशी आहे. इंटरनेट मंद असेल तर डीव्हीडी इमेज किंवा लाइव्ह इमेज घ्यावी. रॅम कमी असलेल्या संगणकांवर एक्सएफसीई डेस्कटॉप निवडावा. ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषा निवडता येते; ती सोय २००९ च्या लेनी आवृत्तीत आली. शाळांसाठी डेबियन एज्यु नावाची खास मांडणीही आहे, पण ती मध्यवर्ती सर्व्हरवरून सर्व संगणक चालवण्यासाठी आहे, आणि पहिल्याच वर्षी त्या वाटेला जाण्याची घाई करू नये असे माझे मत आहे.

राहिले ३२ बिट संगणक. ट्रिक्सीमध्ये त्यांच्यासाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. तो पॅकेज संच फक्त ६४ बिट प्रोसेसरवर जुने सॉफ्टवेअर चालवण्यापुरता ठेवलेला आहे. ३२ बिटचा इन्स्टॉलर बुकवर्मपर्यंतच मिळतो. परंतु हे संगणक खरोखर ३२ बिटचेच आहेत का, हे आधी तपासा. ज्यांवर पूर्वी ३२ बिटचे विंडोज बसवलेले होते अशा अनेक संगणकांचा प्रोसेसर प्रत्यक्षात ६४ बिट असतो, केवळ रॅम कमी असल्यामुळे विक्रेत्याने ३२ बिट प्रणाली टाकलेली असते. कोणत्याही ३२ बिट लाइव्ह लिनक्सवरून संगणक सुरू करून 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्या; ऑप-मोड या ओळीत ३२ आणि ६४ असे दोन्ही आकडे दिसले तर तिथे ६४ बिटची ट्रिक्सी नव्याने बसवता येईल. जुन्या ३२ बिट डेबियनवरूनच अपग्रेड करण्याचा प्रयत्न मात्र करू नका, नवी प्रतिष्ठापनाच करा. ज्यांच्यावर फक्त ३२ हा आकडा दिसेल त्यांच्यावर बुकवर्म बसवून, इंटरनेटपासून दूर ठेवून, टंकलेखनाच्या आणि प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक सरावासाठी ते वापरावेत, आणि पुढील खरेदीत सर्वांत आधी तेच बदलावेत.